नाल्यापासूनचं अंतर

३ फेब्रुवारी

ताई,

परवा फोनवर आपलं जे झालं त्याला बोलणं म्हणत नाहीत. मी 'आराखडा' म्हणालो, तुला 'आखडला' ऐकू आलं, आणि तू मला पाठीला शेक घ्यायला सांगून फोन ठेवून दिलास. तेव्हा आता पत्रच. कानाचं यंत्र लावत नाहीस ते नाहीसच, निदान चष्मा लावून हे नीट वाच.

झालंय असं, की तलावाच्या पाणलोटाचा आराखडा करायचं काम नगरपालिकेने माझ्याकडे दिलं आहे. दिलं म्हणजे मी मागून घेतलं. सगळं शहर त्या एका तलावाचं पाणी पितं, आणि तलावात पाणी येतं ते तुमच्या उतारावरून, तुझ्या घरामागच्या नाल्यातून. तिथे वर कोणी किती बांधायचं, नाल्यापासून किती लांब बांधायचं, संडासच्या टाक्या कशा असाव्यात, याला आजवर काही धरबंधच नव्हता. तो आता घालायचा आहे.

मी हे का मागून घेतलं ते तुला सांगायला नको. येत्या उन्हाळ्यात तिला जाऊन सात वर्षं होतील. काविळीची साथ, तेरा माणसं, त्यात आपली बडबडी आणि तिच्या पोटातलं आमचं सात महिन्यांचं बाळ. तेव्हा चौकशी झाली, कागद रंगले, पण पाण्यात घाण कुठून आली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. आता ते ठरवून माणसं परत येणार नाहीत, हे मला कळतं. पुन्हा कुणाच्या घरावर ती वेळ येऊ नये, एवढंच.

मुद्द्याचं सांगतो. महिनाअखेरीस पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाई तुमच्या वस्तीत येतील. तेवीसच्या तेवीस घरांच्या संडासात हिरवा रंग ओततील. प्रत्येक घराच्या रंगात वेगळी खूण मिसळलेली, म्हणजे कुणाचा ते कळेल. मग खाली नाल्यात पाणी हिरवं होतं का आणि किती तासांनी, ते बघतील. रंग निरुपद्रवी आहे. लोक बिथरतील, तर तू जरा समजावून सांग. तुझा शब्द वस्तीत चालतो.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

पाठ बरी आहे ना? चेष्टा करते. पत्र दोनदा वाचलं.

तू म्हणतोस माझा शब्द चालतो. चालतो तो बाह्या लांब की आखूड एवढ्यापुरता. पंचवीस वर्षं या उतारावरच्या पोरांचे गणवेश शिवतेय, त्यामुळे कुणाच्या घरात कोण किती वाढलं ते मला ठाऊक असतं, बाकी मला कोण विचारतो! तरी मी शेजारच्या सुताराला सांगितलं, त्याने रिटायर झालेल्या मास्तरांना सांगितलं, आणि मास्तरांनी काल सगळ्यांना आपल्या ओट्यावर बोलावून तासभर भाषण केलं. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं की त्यांना हे पसंत नाही. आज रंग ओतायला आलेत, उद्या घरं पाडायला येतील, असं ते म्हणाले, हे सुताराने मला घरी येऊन कागदावर लिहून दाखवलं. तसं काही नाही ना रे?

एक विचारू का? माझ्याकडे तो रंग ओतायलाच हवा का? मी एकटी बाई, वापर तो किती. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून टाकी भरलेलीसुद्धा नाही. बावीस घरांचं बघितलं काय आणि तेविसांचं काय, तुमच्या हिशोबात असा कितीसा फरक पडणार? बाईमाणूस आहे, लाज वाटते म्हणून सांग त्या बाईंना.

तुझा निळा सदरा उसवला होता तो शिवून ठेवलाय. कोपरावर ठिगळ लावलंय, आतून. दिसणार नाही.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

लाज कसली त्यात? त्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची घाण बाटलीत भरून तपासली आहे. आणि नेमकं तुझंच घर सोडलं, तर मास्तरांना आयतं कोलीत मिळेल. आराखडा करणारा भाऊ आणि सवलत बहिणीला. मी तोंड दाखवू शकणार नाही. तेव्हा तेवढं सहन कर.

मास्तर अगदीच खोटं बोलत नाहीत, हेही सांगून टाकतो. अजून काही पक्कं नाही, पण माझ्या मनात आहे ते असं. नाल्याच्या दोन्ही काठांना साठ मीटरपर्यंत काहीही नको. घर नको, टाकी नको, गोठा नको, नुसती झाडं. त्याच्या पुढे दोनशे मीटरपर्यंत जी घरं आहेत ती राहतील, पण टाक्या पक्क्या करायच्या आणि नवीन घर बांधायचं नाही. साठ मीटरच्या आत जी घरं येतील त्यांना खालच्या बाजूला बदली जागा द्यायची. वस्तीत अशी सहासात निघतील.

तुझं त्यात येईल का हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. आलंच तर माझ्याकडे ये. दोन खोल्या आहेत आणि एका माणसाला दोन खोल्या खायला उठतात.

तिच्या टेबलावर मी आता नकाशा पसरतो. ती असती तर त्यावर चहाचा कप ठेवून डाग पाडला असता आणि वर म्हणाली असती की हा तलाव.

धाकटा


२ मार्च

धाकट्या,

काल माझ्या घरी रंग ओतला. बाई सभ्य आहेत. आधी हात धुतले, मग विचारलं, मग ओतला. हिरवा म्हणजे अगदी डोळ्यांत खुपणारा हिरवा. नंतर त्या नाल्याच्या काठी घडीची खुर्ची टाकून बसल्या. मी चहा नेऊन दिला. किती वेळ बसणार, विचारलं, तर त्यांनी दोन बोटं वर केली. दोन तास की दोन दिवस, ते मला कळलं नाही.

आज सकाळी त्या गेलेल्या होत्या, त्यांचा माणूस दर तासाला नाल्यातून बाटली भरून घेतोय. नाल्याला पाणी आहे तसंच दिसतंय मला. पण माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस.

किती दिवसांत कळतं?

ताई


९ मार्च

ताई,

निकाल आला. तेवीसपैकी नऊ टाक्या झिरपतात. तुझीही. सगळ्यात लवकर तुझाच रंग उतरला, एकतीस तासांत. सुताराकडचा चार दिवसांनी उतरला, मास्तरांचा उतरलाच नाही, त्यामुळे ते आता छाती फुगवून फिरणार.

मनाला लावून घेऊ नकोस. टाकी जुनी आहे, गवंड्याने तळाला सिमेंट कमी घातलं असेल, झालं. तुझी त्यात काय चूक!

तुझ्या घरापासून नाला बावीस मीटर भरला. म्हणजे घर साठच्या आत येतं, अगदी पुढच्या रांगेत. जुन्या बांधकाम परवान्याच्या फायलीत हे अंतर पंचावन्न लिहिलेलं आहे. जुन्या मोजणीत अशा चुका असतात. ते माझ्यावर सोड.

बदली जागेची यादी करताना तुझं नाव पहिलं घालतो. आराखडा पुढच्या आठवड्यात लोकांसमोर ठेवला जाईल. मग महिनाभर हरकती, मग सुनावणी.

पत्र लिही. तुझी पत्रं आली की बरं वाटतं.

धाकटा


६ एप्रिल

ताई,

चार आठवडे झाले, तुझं पत्र नाही. सुताराला निरोप दिला, तो म्हणतो ताई बऱ्या आहेत, मशीन चालू असतं.

आज हरकतींचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मास्तरांचं अक्षर मी ओळखलं. खाली सतरा सह्या. सहावी सही तुझी.

मला वाटलं, मास्तरांनी तुला न सांगता घेतली असेल. पण अक्षर तुझंच, शेवटच्या अक्षराला तू काढतेस ती गाठसुद्धा आहे. घराचा जीव तुटतो, हे मला समजतं. भाऊजींनी ते बांधलं, तू तिथे पंचवीस वर्षं काढलीस. पण ताई, तुला माहीत आहे मी हे कुणासाठी करतोय. बाकी सोळा जणांना ते माहीत नाही. तुला आहे.

मला वाटलं होतं तू माझ्या बाजूने उभी राहशील. निदान गप्प बसशील.

धाकटा


११ एप्रिल

धाकट्या,

सही मीच केली. मास्तरांनी जबरदस्ती केली नाही. आता मी लिहिते आहे ते एकटा असशील तेव्हा वाच.

त्या वर्षी, साथीच्या आधी, ह्यांना कावीळ झाली होती. तुम्हाला सांगितली नाही. हे तेव्हा कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाकी होते. काविळीचा माणूस कोण स्वयंपाकघरात ठेवून घेईल? म्हणून पाठ धरली आहे असं सांगून पाच आठवडे रजा काढली. डॉक्टरही लांबच्या गावातला गाठला. मी कुणाजवळ बोलले नाही.

त्याच दिवसांत टाकी भरली. मैला उपसणारी गाडी मागवली, ती चढावर येईना. दोनदा बोलावली, दोन्ही वेळा खालच्या वळणावरून परत गेली. संडास तुंबला. घरात आजारी माणूस, मी काय करणार? एका दुपारी हे तापातून उठले, पहार घेतली आणि टाकीची नाल्याकडची भिंत खालून फोडली. तिथे एक पाइपचा तुकडा बसवून वरून माती लोटली. मी बाजूला उभी होते. मीच त्यांना माती ओढायला फावडं दिलं. थोड्या दिवसांसाठी, असं ठरलं होतं. बरं वाटलं की बुजवायचं. मग ते बुजवायचं राहिलं. राहिलं म्हणजे आम्ही दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

महिनाभराने शहरात कावीळ आल्याचं पेपरात वाचलं. चार माणसं, असं लिहिलं होतं. त्याच दिवशी मी बाळाचे कपडे घेऊन तुमच्याकडे आले होते. तू ऑफिसात होतास. आपली बडबडी एकटीच होती. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली, एकेक झबलं पोटावर लावून बघितलं आणि म्हणाली, "ताई, एवढी झबली घालायला मला तीन मुलं लागतील." मग पाणी आणलं. उन्हातून आले होते, घसा कोरडा पडला होता. मी पेला हातात घेतला आणि खाली ठेवला. तहान नाही म्हणाले.

तिने तो पेला उचलला आणि माझ्यासमोर प्यायली. वाया कशाला घालवायचं, म्हणाली.

पाणी उकळून पी, एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? ते मी बोलले असते तर तिने का, असं विचारलं असतं, कारण ती प्रत्येक गोष्टीला का विचारायची. आणि मग मला सांगावं लागलं असतं. म्हणून नाही बोलले. तोवर लागण झालेलीच असेल, असं डॉक्टर म्हणतील. मीही मला हे सात वर्षं सांगत आले. तेराव्या दिवशी ती गेली.

ह्यांनी मरायच्या आधी एकदाच विषय काढला. म्हणाले, धाकट्याला सांगायचं का? मी नको म्हणाले. मीच.

घर पाडलं की टाकी उघडणार. पाइप दिसणार. म्हणून सही केली. घरावरच्या मायेने नाही.

ताई


४ मे

नगरपालिका, नगररचना विभाग

विषय: पाणलोट संरक्षण आराखड्यावरील हरकतींची सुनावणी.

महोदया,

उपरोक्त आराखड्यावर आपण दाखल केलेली हरकत (अनुक्रमांक ६) या कार्यालयास प्राप्त झाली आहे. सदर हरकतीवरील सुनावणी दिनांक १७ मे रोजी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात ठेवण्यात आली आहे. आपण स्वतः उपस्थित राहून आपले म्हणणे मांडावे. अनुपस्थित राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

(सही)
नगररचनाकार


१९ मे

धाकट्या,

तुझी नोटीस मिळाली होती. तीन आठवडे पोस्टमनची वाट बघितली आणि आलं ते हे. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं, पण ते मागायचा मला हक्क नाही.

तू समोरच बसला होतास, तरी मी तुला सुनावणीचं लिहिते. तू मान वर केली नाहीस म्हणून. माझ्या बाजूने ते कसं झालं ते तुला माहीत नाही.

आधी मास्तर बोलले. त्यांच्यामागे सगळी वस्ती बसली होती, आणि पलीकडच्या बाजूला शहरातली माणसं. मला वाटतं त्यात साथीत घरचं माणूस गेलेले बरेच असावेत. एका बाईच्या मांडीवर फोटो होता. मला काही ऐकू येत नव्हतं, हात हललेले तेवढे दिसत होते. मग सुताराने मला कोपराने ढोसलं, तेव्हा कळलं माझं नाव पुकारलं.

मी बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. सहा नंबरची हरकत मी मागे घेते, असं वाचलं. मास्तर वळून बघायला लागले. मग बाकीचं वाचलं. ह्यांची कावीळ, पहार, पाइप, फावडं. तुझं आणि बडबडीचं नाव घेतलं नाही. पेल्याचंही नाही, ते आपल्या घरातलं आहे. शेवटी म्हणाले की माझं घर पाडा, पण माझ्यासमोर टाकी उघडा म्हणजे खोटं वाटणार नाही. आणि बाकीच्यांनो, रेषा काढू द्या, कारण आम्ही काही वाईट माणसं नव्हतो आणि तरी आम्ही हे केलं.

आवाज किती मोठा लागला ते मला समजत नाही. खूप मोठा असावा, कारण पुढच्या रांगेतली माणसं मागे सरली.

खाली बसले तेव्हा सुताराने माझ्या हातातला कागद घेतला आणि मागच्या बाजूला लिहिलं, 'सात वर्षं?' एवढंच. मी हो म्हणाले. तो उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. परवापासून तो कुंपणाशी दिसतो, पण बघत नाही. मास्तरांनी दोन गणवेश अर्धे शिवलेले परत नेले.

ती फोटोवाली बाई जाताना माझ्यासमोर उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी म्हणाले, "बाई, पुन्हा सांगता का?" तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि निघून गेली. तू चार हातांवर होतास. ती काय म्हणाली? वाईट असलं तरी कळव. तिच्याने ते दुसऱ्यांदा बोलवलं नाही, आणि मला ते अर्धवट घेऊन राहवत नाही.

ताई


३० जून

ताई,

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. ती बाई म्हणाली, "तुम्ही तेव्हा बोलला असता तर मी धाकट्याला तरी पाणी उकळून दिलं असतं." तिचे दोघे मुलगे गेले, नऊ दिवसांच्या अंतराने.

हे तुला कळवावं की नाही याचा मी विचार केला. मग वाटलं, आपल्या घरात न सांगणं फार झालं.

आता माझं. पंचवीस वर्षांपूर्वी मी या ऑफिसात नवा लागलो होतो, नकाशे काढायला. भाऊजी एका दुपारी आले. प्लॉट घेतला होता, परवाना अडला होता, कारण तेव्हाही कागदावर एक जुना नियम होता, नाल्यापासून पन्नास मीटर. मी जागेवर जाऊन मोजून यायचं होतं. भाऊजी म्हणाले, "घरचंच काम आहे, जायची काय गरज?" मी टेबलावर बसल्या बसल्या पंचावन्न लिहिलं आणि खाली सही केली. पन्नास लिहिलं असतं तर संशय आला असता, एवढी अक्कल तेव्हाही होती. तुझं घर होतंय म्हणून मला आनंद झाला होता. त्या संध्याकाळी भाऊजींबरोबर मी तुमच्याकडेच जेवलो.

तुझं घर तिथे झालं म्हणून सुताराचं झालं. त्याच्या फायलीत माझ्या आकड्याचा हवाला आहे. त्यानंतर आणखी पाच. ती सगळी आता पडणार.

हे मला आराखडा हातात घेतला त्या दिवसापासून माहीत होतं. फाइल मी घरी आणून ठेवली होती. जुन्या मोजणीत चुका असतात, असं तुला लिहिलं ते आठवत असेल. सुनावणीला ती फाइल माझ्या बॅगेत, पायाशी होती. तू उभी राहून सगळ्या गावासमोर सांगत होतीस आणि मी कागदावर रेघोट्या मारत होतो. तू म्हणतेस मी मान वर केली नाही. ते तुझ्या रागाने नव्हतं.

मग एक महिना गेला. त्या महिन्यात मी काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. मागच्या सोमवारी फाइल मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, म्हणाले, "तुम्ही हे आणून द्यायची गरज नव्हती, कुणी बघितलं नसतं." मी म्हणालो, तेच तर. मला निलंबित केलं आहे. आराखडा दुसऱ्या ऑफिसातून आलेल्या बाई पुरा करतील. हुशार आहेत. मास्तर कोर्टात जाऊ म्हणत होते, पण आपल्याच सतरापैकी एकीने जे सांगितलं त्यापुढे वस्तीचा उत्साह मावळला. रेषा मंजूर होईल असं दिसतं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की साथीच्या त्या पंधरवड्यात पाणी शुद्ध करायच्या केंद्रात क्लोरीन नऊ दिवस बंद होतं. आणि झिरपणाऱ्या टाक्या नऊ होत्या, एक नव्हे. कुणामुळे झालं हे कोणालाच कधी सांगता येणार नाही. हे तुलाही कळवायला त्यांनी सांगितलं. कळवलं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी तुला माफ केलं असं लिहायला तीनदा बसलो. पाइपचं मला समजतं. आजारी माणूस, तुंबलेला संडास, मीही तेच केलं असतं. पण तो पेला तू खाली ठेवलास आणि तिने उचलला, तिथे मी अडतो. दर वेळी तिथेच अडतो. तू माझ्यासाठी शाळेत येऊन भांडायचीस, ती तूच. तिला तू एवढं एक वाक्य बोलली नाहीस.

माझी सही नसती तर तिथे घर नसतं आणि टाकीही नसती. तेव्हा मी कुठल्या तोंडाने हे लिहितोय, ते मला कळतं. कळून राग जात नाही.

काही दिवस पत्र लिहू नकोस. मी लिहीपर्यंत.

धाकटा


१४ डिसेंबर

धाकट्या,

तू लिहीपर्यंत लिहू नकोस म्हणाला होतास. पाच महिने थांबले. आज लिहिते, कारण घर पडलं आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

रेषा ऑक्टोबरात मंजूर झाली, ते तू पेपरात वाचलं असशीलच. सात घरं. आम्हाला खाली, शहराच्या कडेला, नव्या चाळीत खोल्या मिळाल्या. माझी तळमजल्याला आहे. वस्तीतले बाकीचे सहा जण त्याच चाळीत आहेत, त्यामुळे जिन्यात रोज गाठ पडते. कुणी वाईट वागत नाही. मी आले की पाणी भरायला रांगेत मला पुढे जागा देतात. म्हणजे माझ्यानंतर कुणी लगेच उभं राहत नाही.

मंगळवारी घर पाडायचं मशीन आलं. त्या नव्या बाई होत्या, प्रयोगशाळेतल्याही होत्या. मी सांगितल्याप्रमाणे आधी टाकी उघडली. माती काढायला दोन माणसांना फार वेळ लागला नाही. पाइप होता तिथेच होता. मला वाटलं होतं तो बघून मला काहीतरी होईल. हातभर लांबीचा पाइप. बाईंनी फोटो काढला आणि तो उपटून बाजूला टाकला.

मग घर. तो सुतार त्याच्या घरातलं सामान काढून चालला होता. रंधे, करवती, सगळं गाडीत भरलं होतं. तो थांबला, पेटी उघडली आणि माझ्या दारांच्या बिजागऱ्या सोडवायला लागला. दोन दारं, तीन खिडक्या. एकही फळी फुटू दिली नाही. मी पाणी विचारलं, त्याने मान हलवली. दारं माझ्या गाडीत ठेवली आणि गेला. सात महिन्यांत तो माझ्याशी बोललेला नाही, आणि तेव्हाही बोलला नाही.

मी नाल्याच्या बाजूला उभी होते. मशीनचा आवाज मला पायातून कळत होता. सारखी रस्त्याकडे बघत होते, तू येशील म्हणून. तू येऊ नयेस असंही वाटत होतं.

आता काठावर खुणा ठोकल्या आहेत, झाडं लावणार आहेत. बावीस मीटर म्हणजे किती कमी असतं, ते घर गेल्यावर दिसलं. मी चालून बघितलं. माझ्या पावलांनी सदतीस पावलं.

तू माफ कर म्हणून हे लिहीत नाही. त्या पेल्याच्या जागी तू अडतोस, मीही तिथेच अडते. तिथून पुढे मलाही जाता आलेलं नाही. त्या बाईचं वाक्य तू कळवलंस ते बरं केलंस. मी तिच्या घरी गेले होते. तिने दार उघडलं, मला ओळखलं आणि बंद केलं. पुन्हा जाणार नाही. तिला माझं तोंड बघायला लावणं बरोबर नाही.

तुझं निलंबन उठलं की कायम झालं, ते मला कुणी सांगत नाही. जेवतोस का नीट? हे विचारायची सवय आहे, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

खोली लहान आहे. शिलाई मशीन, शेगडी आणि दोन खाटा मावतात. एकीवर मी झोपते.

ताई